गोचीड तुटते, निसटते, पुन्हा येते: कुठल्या अवजाराने काढायची आणि नेमकं कुठे चुकतं

दोन तक्रारी नेहमी एकत्र ऐकू येतात. एक म्हणजे गोचीड ओढली तर हातात नुसतं धड आलं आणि कातडीत काळा ठिपका राहिला. दुसरी, सगळ्या नीट काढून स्पिरिटात टाकल्या, तरी तीन आठवड्यांत कुत्रा पुन्हा भरला. या दोन्हींवर एकच उपाय शोधणारे लोक महागडं अवजार आणतात आणि फसतात. पहिली तक्रार पकडीची आहे, ती चांगल्या चिमट्याने सुटते. दुसरी तक्रार भिंतीतल्या भेगांची आहे, तिथे चिमट्याचा काही उपयोग नाही. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या घेऊ.

आधी खात्री करा, ती गोचीडच आहे ना

हे सांगायची गरज आहे, कारण चिमटा लावून कुत्र्याचं स्तनाग्र ओढलं जाण्याचे प्रकार होतात. नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात, पोटाच्या दोन्ही बाजूंना ओळीने. चामखीळ आणि वाळलेली खपलीसुद्धा बोटांना गोचिडीसारखीच लागते. केस बाजूला करा, उजेड टाका आणि कातडीला लागून पाय दिसतात का पाहा. फुगलेल्या गोचिडीचं पोट एवढं मोठं असतं की पाय त्याच्याखाली झाकले जातात, पण बाजूने आडवं पाहिलं की पुढच्या टोकाला तपकिरी रंगाचे आखूड पाय दिसतातच. पाय नाहीत तर ओढू नका.

शोधण्याचीही जागा ठरलेली असते. तपकिरी गोचीड (ऱ्हिपिसिफॅलस सँग्विनियस, म्हणजे आपल्याकडच्या कुत्र्यांवरची नेहमीची जात) मोठी झाल्यावर कानात आणि पायाच्या बोटांमधे जास्त बसते, पिल्लं पाठीवर आणि मानेवर विखुरलेली असतात. कानाच्या बाहेरच्या कडेला, खालच्या बाजूस दुहेरी कातडीची एक छोटी खाच असते. बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती हीच जागा. त्यानंतर पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि गुदद्वाराभोवती पाहा.

ती चिकटते कशी, हे कळलं की अर्ध्या चुका टळतात

गोचिडीला मानेवर डोकं असा प्रकार नसतो. पुढे निघालेला असतो तो तोंडाचा भाग. त्यात कातडी कापणारे दोन बारीक अवयव आणि त्यांच्याखाली मागे वळलेल्या काट्यांची एक पट्टी असते. ही पट्टी आत शिरते आणि काट्यांमुळे सरळ झटका दिला तर अडते. त्यातच बऱ्याच जाती लाळेतून एक पदार्थ सोडतात, जो तोंडाभोवती सिमेंटसारखा घट्ट होतो. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीचं तोंड आखूड असतं, तिची मदार या सिमेंटवर जास्त. म्हणून ती नीट निघाली की तिच्या तोंडाला पांढरट कण लागलेला दिसतो. कातडीचा तुकडा निघाला म्हणून लोक घाबरतात, पण तो बहुतेक वेळा हा सिमेंटचाच कण असतो.

गाई-म्हशींवरच्या हायलोमा जातीचं तोंड लांब असतं, पायांवर फिकट पट्टे असतात आणि ती कासेवर, जांघेत खोल रुतते. हिला घाईने ओढली की तुटणार, हे जवळपास ठरलेलं.

यातून तीन गोष्टी निघतात. ओढ सावकाश आणि एकसारखी हवी, म्हणजे काट्यांभोवतीची कातडी सैल पडते. पकड तोंडावर हवी, पोटावर नको, कारण पोट दाबलं की आतला ऐवज चाव्याच्या जागी जाण्याचा धोका असतो. आणि तोंडाला स्क्रूसारखे आटे नसतात, त्यामुळे घड्याळाच्या दिशेने की उलट, या वादात काही अर्थ नाही.

अवजार निवडताना

बारीक टोकाचा स्टीलचा चिमटा हे पहिलं अवजार. माणसासाठी, पिल्लांसाठी, पायाच्या बोटांमधल्या गोचिडींसाठी हाच. भुवयांचा तिरप्या टोकाचा चिमटाही चालतो, पण तो चालेल की नाही हे विकत घेतानाच तपासा. तीन चाचण्या आहेत. डोक्याचा एक केस टोकात पकडून ओढा, निसटला तर चिमटा बाद. मग टोकं हलकेच मिटवून उजेडासमोर धरा. दोन्ही पाती आधी टोकाला भेटली पाहिजेत. मधे भेटून टोकाला फट राहत असेल तर त्याने गोचिडीचं पोटच दाबलं जाणार. शेवटी जोरात दाबून पाहा, टोकं एकमेकांवरून घसरत असतील तर तोही नको.

मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो वाकड्या टोकाचा चिमटा बोटांमधल्या जागेसाठी फार सोयीचा, कारण हात आडवा ठेवून टोक कातडीला टेकवता येतं. मात्र सुईसारख्या टोकाचा घेऊ नका, तो गोचिडीचं तोंड कापतो. टोक साधारण एक मिलिमीटर रुंद असावं. प्रथमोपचार पेटीत मिळणारा प्लॅस्टिकचा चिमटा या कामाला कुचकामी आहे. त्याची टोकं जाड आणि लवचिक असतात, जोर लावला की वाकतात.

दुसरं अवजार हुक. छोट्या पहारीसारखं वाकडं टोक आणि त्यात इंग्रजी व्ही आकाराची खाच. केसाळ कुत्र्यावरच्या फुगलेल्या गोचिडीसाठी आम्हाला यापेक्षा चांगलं काही माहीत नाही, कारण पोटाला हात न लावता ती निघते. दोन मापांची जोडीच घ्या. मोठ्या हुकात बारीक गोचीड खाचेतून निसटते आणि छोट्या हुकात फुगलेली बसत नाही, मग पोट चिरडतं. खाच शेवटपर्यंत निमुळती होत गेली आहे का, प्लॅस्टिकची कोर बाहेर आली आहे का, हे बोट फिरवून पाहा. स्वस्त नकलांमधे खाचेचं टोक गोल असतं, त्यात गोचिडीचं तोंड अडकतच नाही आणि लोक म्हणतात की हुक निकामी आहे.

खाचवालं कार्ड माणसाच्या हातापायांवर बरं, केसांत निरुपयोगी. दोऱ्याच्या फासाची पेनसारखी अवजारं मिळतात, पण फास कातडीपासून थोडा वर बसला तरी गोचीड तुटते, म्हणून आम्ही ती सुचवत नाही. बारीक दातांची फणी मात्र जवळ असावी, तिचं काम पुढे येईल.

यांच्या जोडीला एवढं ठेवा: एकदा वापरून टाकायचे हातमोजे, झाकण घट्ट बसणारी रुंद तोंडाची छोटी बाटली अर्धी भरून सर्जिकल स्पिरिट, पोव्हिडोन आयोडीन, कापूस, कपाळावर बांधायची टॉर्च, भिंग आणि पारदर्शक चिकटपट्टी. टॉर्च हाताने धरायची असेल तर दुसरा माणूस लागतो. कपाळावरची असली की दोन्ही हात मोकळे राहतात, आणि या कामात दोन्ही हात लागतात.

चिमट्याने काढताना

हातमोजे घाला. केसांचा भांग पाडा, केस फार असतील तर पाण्याने ओले करून दाबून बसवा. डाव्या हाताच्या दोन बोटांनी आजूबाजूची कातडी ताणून धरा. चिमट्याची टोकं कातडीला टेकवा, गोचिडीच्या पोटाखालून पुढे सरकवा आणि तोंडाचा भाग कातडीच्या अगदी लगत पकडा. गोचीड कातडीशी तिरपी बसलेली असते, त्यामुळे पोट ज्या बाजूला झुकलंय त्याच्या विरुद्ध बाजूने पाहिलं की तोंड नीट दिसतं.

आता वर, कातडीशी काटकोनात ओढा. कातडीचा छोटा तंबू होईल. तिथे थांबा. जोर वाढवू नका, तसाच धरून ठेवा. काही सेकंदांत, कधी अर्ध्या मिनिटात, ती सुटते. तंबू दिसताच घाबरून झटका देणं, ही तुटण्यामागची सगळ्यांत मोठी चूक आहे. चिमट्याने पिरगळूही नका. चिमट्यात तोंड दाबलेलं असतं, दाबलेल्या तोंडाला पीळ दिला की ते मोडतं.

हुकचं गणित उलटं आहे. तो बाजूने कातडीलगत सरकवायचा, तोंड खाचेच्या टोकाला जाऊन अडेपर्यंत. मग किंचित वर उचलून दोन बोटांत हुकची दांडी जागच्या जागी फिरवायची. दोन-तीन फेऱ्यांत गोचीड मोकळी होते. हुक तोंडाला चिरडत नाही म्हणून फिरवणं चालतं, आणि फिरवल्याने काट्यांची पकड सुटते. हुकने सरळ वर उपटलं तर मात्र तीच तुटण्याची गोष्ट होते.

निघालेली गोचीड लगेच स्पिरिटात टाका. नुसत्या पाण्यात ती बराच काळ जगते. स्पिरिट नसेल तर चिकटपट्टीच्या दोन थरांमधे बंद करा. चाव्याची जागा साबणाने धुवा, आयोडीन लावा, चिमटा स्पिरिटने पुसा, हात धुवा. तारीख लिहून ठेवा, पुढे कामाला येते.

रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन, व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी, उदबत्ती, चुना, यांतलं काहीही लावू नका. गुदमरून ती सोडेल ही समजूत आहे. गोचीड तासाला अगदी थोडे श्वास घेते, व्हॅसलीनखाली ती बराच वेळ तशीच चिकटून राहते. चटका किंवा रसायन लागलं तर ती आणखी लाळ सोडू शकते किंवा पोटातलं बाहेर टाकू शकते, आणि रोगजंतू असतात ते तिथेच. एर्लिकियासारखे कुत्र्यांचे जंतू चिकटल्यापासून काही तासांत अंगात जाऊ शकतात, त्यामुळे रात्रभर तेल लावून ठेवणं हा वेळेचाही तोटा आहे.

नेमकं काय बिघडलं

*तोंड आत राहिलं.* आधी भिंगातून पाहा, कारण बरेचदा तो सिमेंटचा ठिपका किंवा सुकलेलं रक्त असतं. खरोखरच तुकडा असेल आणि वर आलेला असेल तर स्वच्छ चिमट्याने एकदाच प्रयत्न करा. नाही आला तर सोडून द्या. पोटापासून तुटलेला तुकडा रक्त पीत नाही. काटा रुतल्यावर जसं होतं तसं शरीर काही दिवसांत त्याला वर ढकलतं. सुईने उकरून जखम मोठी केली तर मात्र पू होतो. आयोडीन लावा आणि लक्ष ठेवा.

*पोट फुटलं.* हातमोज्यांशिवाय असाल तर ताबडतोब साबण-पाण्याने हात धुवा, डोळ्यांना आणि तोंडाला हात लावू नका. जागा आयोडीनने पुसा आणि उरलेला भाग तोंडाशी पकडून काढा. फुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: चिमटा जाड होता किंवा कातडीपासून वर धरला होता.

*टोक सारखं निसटतं.* कातडीवर तेल किंवा शाम्पू आहे का पाहा. चिमट्याच्या टोकाला जुनं रक्त सुकून बसलं असेल तरी पकड जाते. चिमटा स्पिरिटमधे बुडवून कापडाने कोरडा करा.

*काढलेल्या जागी गाठ आली.* वाटाण्यापेक्षा लहान, टणक, न दुखणारी गाठ एक-दोन आठवडे राहणं सामान्य आहे. लाळेवरची ती प्रतिक्रिया असते, तोंड आत राहिल्याची खूण असेलच असं नाही. गाठ वाढत गेली, गरम लागली, पाणी यायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा.

*कुत्रा हात लावू देत नाही.* एका बैठकीत सगळ्या काढायचा हट्ट धरू नका. पाच-सहा काढा, थांबा, उद्या पुन्हा. तोंडाला मुसकं बांधायचं असेल तर धाप लागू नये म्हणून जाळीचं वापरा. कानाच्या नळीत खोल, पापणीच्या कडेला आणि नाकपुडीत असलेल्या गोचिडी घरी काढू नयेत. तिथे पशुवैद्य गुंगीचं औषध देऊन काढतात आणि तेच बरोबर आहे.

*पन्नास-शंभर बारीक ठिपके एकदम दिसले.* ही सहा पायांची, नुकती उबलेली पिल्लं. एकेक चिमट्याने काढण्यात वेळ घालवू नका. जी अजून चिकटलेली नाहीत ती चिकटपट्टी दाबून उचला, मग बारीक फणी स्पिरिट किंवा साबणाच्या पाण्यात बुडवत केसांतून फिरवा. उरलेल्यांसाठी औषधच लागतं.

माणसाच्या अंगावर, विशेषतः सिंधुदुर्ग आणि सत्तरीत

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, सावंतवाडी भागात आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गोचीड हा निव्वळ खाजेचा विषय नाही. माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप, १९५७ मधे कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला. सत्तरीत तो २०१५ पासून आणि सिंधुदुर्गात २०१६ पासून आढळतो. पसरवणारी मुख्य जात हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, आणि माणसाला चावते ती बहुधा तिची मधल्या अवस्थेतली पिल्लं, दीड मिलिमीटरच्या आसपास. हंगाम डिसेंबरपासून जूनपर्यंत, म्हणजे काजू गोळा करण्याचा, पातेरा आणि सरपण आणण्याचा.

इतकी बारीक गोचीड हुकने निघत नाही. बारीक चिमटा आणि भिंग लागतं. बागेतून आल्यावर अंगणातच कपडे काढून थेट गरम पाण्यात टाका, साबण लावून आंघोळ करा आणि मग कमरेचा पट्टा बसतो ती जागा, गुडघ्यामागे, काखेत, बेंबीत, मुलांच्या केसांत आणि कानामागे पाहा. पाठ दुसऱ्याने पाहावी. बोटांनी चाचपलं तर बारीक कणी लागते, डोळ्यांना मात्र तो तीळच वाटतो. अंगावर आधी नसलेला तीळ दिसला तर भिंग लावा.

जाताना पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे घाला, पँटचे पाय मोज्यांत खोचा आणि उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारं औषध, म्हणजे डीईईटी असलेलं मलम किंवा आरोग्य केंद्रातून मिळत असेल तर डेपा तेल, लावा. पाचोळ्यावर बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, लगेच आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. माकड मेल्यावर त्याच्या अंगावरच्या गोचिडी त्याच जागी खाली उतरतात.

चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप, कपाळ दुखणं, अंग मोडून येणं, उलट्या सुरू झाल्या तर थांबू नका. डॉक्टरांना ताप आहे एवढंच सांगू नका. गोचीड कधी काढली, कुठल्या बागेत गेला होता, तेही सांगा, नाहीतर डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्यांतच दिवस जातात. मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, कारण माकडतापात रक्तस्राव होऊ शकतो.

टिक टायफस हा वेगळा आजार. तो तपकिरी गोचिडीमुळेही होतो, म्हणजे शहरातल्या कुत्र्याच्या घरातही होऊ शकतो. तापाबरोबर तळहात-तळपायांवरसुद्धा उठणारे लाल ठिपके आणि कधी चाव्याच्या जागी काळी खपली, या खुणा लक्षात ठेवा. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. माकडताप विषाणूचा असल्याने त्यावर हे औषध चालत नाही, म्हणून घरी औषध ठरवू नका. काळी खपली स्क्रब टायफसमधेही येते, पण तो गोचिडीने होत नाही, चिगर नावाच्या सूक्ष्म किड्याने होतो आणि तो किडा चिमट्याने काढण्याएवढा दिसतही नाही.

अमेरिकेत, न्यू जर्सी-मॅसॅच्युसेट्सकडे राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथली काळ्या पायांची गोचीड लाइम आजार पसरवते. त्यासाठी साधारणपणे एक दिवसाहून जास्त काळ चिकटून राहावं लागतं, म्हणून तिथे रोज संध्याकाळी अंग तपासण्याला फार मोल आहे. गोचीड काढल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांशी बोला, काही वेळा ते प्रतिबंधक एक डोस देतात.

गाई-म्हशींवर एकेक वेचणं कधी आणि कधी नाही

दहा-वीस असतील तर वेचा. अंग भरलं असेल तर वेचून संपणार नाही. वेचलेल्या कुठे जातात, हा खरा प्रश्न आहे. गोठ्यात बसून काढलेल्या गोचिडी शेणात किंवा भिंतीकडे फेकल्या जातात. एरंडीच्या बीएवढी फुगलेली मादी फेकली की तिचं कामच सोपं होतं. तिला आता जनावर नकोच असतं, ती भेगेत शिरते आणि काही दिवसांत हजारो अंडी घालते. डब्यात साबणाचं पाणी आणि थोडं रॉकेल घेऊन बसा, निघालेली प्रत्येक गोचीड त्यातच गेली पाहिजे. रॉकेल डब्यात, जनावराच्या अंगावर नव्हे.

बोटांनी चिरडू नका, दगडाने ठेचू नका. जानेवारी २०११ मधे गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यात क्रिमियन-काँगो ताप आढळला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्याचं निदान केलं. हायलोमा गोचिडीचा चावा आणि चिरडलेल्या गोचिडीचं रक्त, दोन्हींतून तो होऊ शकतो. जनावर आजारी दिसत नाही, तरी धोका असतो.

फवारणीसाठी अमिट्राझ १२.५ टक्के द्रावण साधारण लिटरला २ मिली या प्रमाणात वापरतात, मात्र बाटलीवर लिहिलेलं प्रमाण आणि दुधाबाबतची सूचना हीच अंतिम. अंग पूर्ण भिजलं पाहिजे. पाठीवरून पिचकारी मारून सोडून दिलं की जांघ, कास, कानाची आतली बाजू आणि शेपटीखालची जागा कोरडी राहते आणि गोचिडी तिथेच तर असतात. भर उन्हात, उपाशी जनावरावर फवारू नका. आधी पाणी पाजा, म्हणजे अंग चाटताना औषध कमी पोटात जाईल. १४ ते २१ दिवसांनी पुन्हा फवारा, कारण अंड्यांवर औषध चालत नाही. त्याच दिवशी गोठ्याच्या भिंती, गव्हाणीखालची जागा आणि खुंट्याची भोकंही घ्या. पक्क्या गोठ्यात भेगांवरून फ्लेम गन (आगीचा झोत सोडणारं अवजार) फिरवतात आणि ती चांगली चालते. गवती छप्पर किंवा जवळ कडबा असेल तर तिचं नाव काढू नका.

संकरित गाईला ताप आणि सुजलेल्या गाठी दिसल्या तर थायलेरिया, लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर बबेसिया (दोन्ही गोचिडींतून रक्तात जाणारे जंतू) असा संशय घेऊन त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा.

काढल्या तरी पुन्हा येतात

आता दुसरी तक्रार. तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते आणि तीनदा उतरते. पिल्लू रक्त पिऊन उतरतं, कात टाकतं, पुन्हा चढतं. मोठी मादी शेवटी उतरून कोपऱ्यात ४,००० पर्यंत अंडी घालून मरते. म्हणजे कुठल्याही क्षणी बहुसंख्य गोचिडी कुत्र्यावर नसून घरात असतात. न खाता मोठी गोचीड वर्षाहूनही जास्त जगू शकते, त्यामुळे बंद ठेवलेलं घर आपोआप साफ होत नाही. उबदार हवेत अंड्यापासून मोठ्या गोचिडीपर्यंतचा फेरा दोन महिन्यांत पुरा होऊ शकतो.

बाटलीत पडलेल्या गोचिडी नीट पाहिल्या तर कुठे गळतंय ते कळतं. सहा पायांची बारीक पिल्लं थव्याने दिसत असतील तर अंडी घरातच, कुत्र्याच्या बसण्याच्या जागेच्या जवळपास उबली आहेत. चपट्या, तपकिरी, न फुगलेल्या मोठ्या गोचिडी मिळत असतील तर त्या नुकत्या भेगेतून कात टाकून निघाल्या आहेत किंवा आजच्या फेरफटक्यात चढल्या आहेत. राखाडी, टम्म फुगलेल्याच सापडत असतील तर त्या बरेच दिवस अंगावर होत्या आणि तुमची तपासणी कुठल्या तरी जागेवरून निसटते आहे. बहुतेक वेळा बोटांमधून.

ही जात वर चढते. फरशी पुसून समाधान मानणारे इथेच चुकतात. पडद्याच्या वरच्या शिवणीत, दाराच्या चौकटीमागे, स्विचबोर्डाच्या कडेला, पलंगाच्या सांध्यांत, छताच्या कोपऱ्यात शोधा. व्हॅक्यूम क्लीनर फटींतून फिरवा आणि पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. कुत्र्याचं अंथरूण ६० अंशांच्या पाण्यात धुवा, साध्या गार पाण्यात गोचिडी मरत नाहीत. भेगा पुट्टीने किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवा. हा खर्च एकदाच होतो आणि दुसऱ्या कुठल्याही उपायापेक्षा जास्त टिकतो. कीटकनाशकाची फवारणी करून घ्यायची असेल तर छताची कडही घ्यायला सांगा, दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी ठरवून घ्या आणि फवारा सुकेपर्यंत कुत्रा, मांजर, मासे बाहेर ठेवा.

कुत्र्याच्या औषधाबद्दलही गैरसमज आहेत. फ्ल्युरालॅनर, अफोक्सोलॅनर, सॅरोलॅनर या गोळ्या रक्तातून काम करतात, म्हणजे गोचीड आधी चावते आणि मग मरते. त्यामुळे गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसली म्हणून गोळी फसली असं समजू नका. दुसऱ्या दिवशी ती जिवंत आहे की सुकलेली, ते पाहा. मेलेली चिकटून राहिली असेल तर त्याच रीतीने काढा. फिट येणाऱ्या कुत्र्याला या गोळ्या देण्याआधी पशुवैद्याला ते आवर्जून सांगा. मानेवर टाकायचं फिप्रोनिल कातडीच्या तेलातून पसरतं. टाकण्याच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. लोक आदल्या दिवशी शाम्पू करतात, तेल धुऊन जातं आणि औषध जागच्या जागी राहतं. परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला जीवघेणं ठरतं, आणि एकाच गादीवर झोपणाऱ्या मांजरालाही ते लागू शकतं. अमिट्राझ मांजराला आणि छोट्या पिल्लांना नको.

घरात दोन कुत्रे असतील तर दोघांना एकाच दिवशी औषध द्या. जिन्यात झोपणाऱ्या भटक्या कुत्र्याला वगळलं तर तोच पुढचा साठा होतो. सोसायटीने वर्गणी काढून त्यालाही गोळी द्यावी. हे सगळं किमान तीन महिने सलग चालू ठेवा. दुसऱ्या महिन्यात गोचिडी दिसेनाशा होतात आणि लोक थांबतात, तेव्हा भेगेतली शेवटची पिढी अजून बाहेर यायची असते.

गोचिडी काढल्यानंतर तीन आठवडे कुत्र्याच्या हिरड्यांचा रंग रोज पाहा. हिरड्या फिक्या पडल्या, त्याने खाणं सोडलं, ताप आला, नाकातून रक्त आलं, पोटावर जांभळे ठिपके उठले किंवा लघवी गडद झाली तर रक्त तपासणीत प्लेटलेट मोजायला आणि काचपट्टीवर बबेसिया पाहायला सांगा. एर्लिकियावरचं डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. चौथ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवायला लागतो म्हणून ते बंद करू नका, आणि गोळी नेहमी खाण्याबरोबरच द्या, नाहीतर उलटी होऊन डोस वाया जातो.